मुंबईचा निसर्ग: पत्ता सोपा, वेळ साधायची

जुलैतल्या कुठल्याही शनिवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर उभे राहिले, तर निम्मी मुंबई निसर्ग शोधायला बाहेर पडल्यासारखी वाटते. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते, परतीच्या वाटेवर घाटात तास मोडतात आणि सोमवारी माणसे आधीपेक्षा जास्त दमून कामावर येतात. ज्या शहरातून ही मंडळी पळ काढतात, त्याच्या आणि ठाण्याच्या मध्ये सुमारे 104 चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान आहे, पूर्वेला पाणथळ जागांच्या रामसर यादीतली खाडी आहे आणि पश्चिमेच्या खडकांवर ऑक्टोपस राहतात.

‘गेलो होतो हो, पण काही दिसलं नाही,’ अशी तक्रार बरेच जण करतात आणि ती खोटी नसते. रविवारी जेवून दुपारी दोनला बोरिवलीच्या उद्यानात शिरले, तर भेटतात ती माकडे आणि वेफर्सची रिकामी पाकिटे. शिवडीच्या धक्क्यावर ऐन भरतीला पोहोचले, तर समोर नुसते करडे पाणी. मुंबईत निसर्गाचा पत्ता कठीण नाही. लोकलचे स्थानक आणि तिथून रिक्षा किंवा बेस्टची बस, एवढ्यात तो सापडतो. चुकते ती वेळ. इथे दोन घड्याळे चालतात, एक भरती-ओहोटीचे आणि दुसरे ऋतूंचे, आणि रविवारच्या सुट्टीची दोघांनाही फिकीर नाही.

ओहोटीचा हिशेब

सुरुवात समुद्रापासून करावी. तिथे तिकीट लागत नाही आणि वेळापत्रक वर्षभर आधी तयार असते. भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर सहज मिळतो. तो वाचायला मात्र शिकावे लागते. मुंबईत दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी लागते, आणि त्यांची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा, अमावास्या आणि त्यांच्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे. तेव्हा पाणी सर्वांत वर चढते, तसेच सर्वांत खालीही उतरते. अष्टमीच्या आसपास चढउतार थोडा असतो, तो भांग. कोळीवाड्यात हा हिशेब तिथीवरून तोंडपाठ असतो, त्यामुळे ज्यांच्या घरी कालनिर्णय टांगलेले आहे त्यांना तक्ता हातात नसला तरी अंदाज बांधता येतो.

उधाणाच्या दिवसांत मुंबईची भरती दुपारी बाराच्या पुढेमागे येते. म्हणजे ओहोटी सकाळी सहा-सातला आणि पुन्हा संध्याकाळी तितक्याच वाजता. दोन्ही वेळा उन्हाच्या बाहेरच्या आणि बहुतेकांच्या ऑफिसच्याही बाहेरच्या, हे मुंबईकरांचे नशीब. तक्त्यात ओहोटीच्या पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. ती एक मीटरच्या खाली असेल असे दिवस निवडावेत. अर्ध्या मीटरच्या आसपास असेल, तर पहाटेचा गजर लावण्यात कंजुषी करू नये.

जायचे कुठे? हाजी अलीजवळचे खडक, वांद्र्याचा बँडस्टँड, कार्टर रोड, जुहूचा खडकाळ भाग आणि अगदी गिरगाव चौपाटीसुद्धा. पाणी मागे हटले की खडकांच्या खळग्यांत छोटी डबकी उरतात. तिथे उकिडवे बसून एकाच डबक्याकडे पाच-दहा मिनिटे न हलता पाहणे, एवढेच तंत्र. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, कारण त्यात शंखवासी खेकडा राहत असतो. खडकावरची रंगीत बुटकी फुले म्हणजे समुद्रफुले. ती प्राणी आहेत आणि प्रवाळांची नातलग आहेत. कपचीसारखी चिकटलेली कालवे तर मुंबईकरांच्या ताटातलीच. वांद्र्याच्या खडकांवर ओहोटीला कालवे फोडणाऱ्या बायका दिसल्या, तर त्यांना चार प्रश्न विचारावेत. कुठल्या कपारीत काय सापडते, हे पुस्तकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

पहिल्यांदा जाणकारांबरोबर जाणे बरे. 2017 मध्ये काही मुंबईकरांनी ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम सुरू केला, तो याच किनाऱ्यावरच्या जीवांची ओळख करून देण्यासाठी. ओहोटीचे दिवस पाहून ते किनाराफेऱ्या काढतात आणि आपल्याच शहरात काय काय राहते ते पाहून नव्याने आलेली माणसे चक्रावून जातात.

खबरदारी थोडी पण पक्की हवी. शेवाळलेल्या खडकावर चप्पल घालून चढू नये. मागून बंद आणि तळाला पकड असलेले बूट हवेत, मग ते भिजले तरी चालतील. ओहोटीचा तळ गाठण्याच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी वळले की किनाऱ्याकडे निघावे, कारण भरती पाठीमागच्या खळग्यांतून आधी शिरते. उलटवलेला दगड होता तसा ठेवावा. जिवंत शंख उचलू नये. त्यात शंकूच्या आकाराची एक जात विषारी डंख मारणारी आहे, आणि रिकामा दिसणारा शंखही कुणाचे तरी घर असू शकतो. पावसाळ्यात जुहूला आणि गिरगावला निळ्या फुग्यांसारखे जीव लाटांबरोबर वाळूवर येऊन पडतात, त्यांना ‘ब्लू बॉटल’ म्हणतात. दिसायला सुंदर, पण मेलेल्याचा धागा लागला तरी अंगाची आग होते. जून ते ऑगस्टमधल्या उधाणात खडकांवर जाणे म्हणजे जिवाशी खेळ. तो धडा दरवर्षी कुणीतरी नव्याने शिकतो.

रोहित पक्षी आणि गाळ

फ्लेमिंगोंना मराठीत रोहित आणि अग्निपंख अशी दोन देखणी नावे आहेत. साधारण नोव्हेंबरपासून ते ठाण्याच्या खाडीत उतरू लागतात आणि मेअखेरपर्यंत असतात. जानेवारी ते एप्रिल हा भरात असलेला काळ. त्यांचे खाणे ओहोटीत उघड्या पडणाऱ्या गाळात असते, म्हणून इथेही तक्ताच कामी येतो. पूर्ण ओहोटीला थवे इतके दूर जातात की नुसत्या डोळ्यांना गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला गाळ पाण्याखाली जातो आणि पक्षी उठून जातात. भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास साधले, तर ते काठाजवळ चरताना दिसतात.

शिवडी हे हार्बर मार्गावरचे स्थानक त्यासाठी वर्षानुवर्षे प्रसिद्ध आहे. 2024 मध्ये सुरू झालेला अटल सेतू इथूनच समुद्रावर झेपावतो, त्यामुळे पूर्वीचे मोकळे दृश्य आता राहिलेले नाही. खाडीच्या वरच्या अंगाला ऐरोलीत किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून वन विभागाची बोट खाडीत फिरवून आणते. तिची वेळ रोज भरतीप्रमाणे बदलते, म्हणून आरक्षण करूनच निघावे. ही खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि 2022 मध्ये रामसर यादीत गेली. भरतीच्या वेळेलाच सवड मिळणाऱ्यांनी नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळच्या बाजूच्या पाणथळ जागी जावे. खाडी भरली की थवे विसाव्याला तिकडे उतरतात.

दोन जाती ओळखणे सोपे आहे. मोठा रोहित उंच, अंगाने पांढुरका, त्याची चोच फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी आणि चोच गडद किरमिजी. छोटा मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, आणि त्या शेवाळाला खतपाणी मिळते ते शहराच्या सांडपाण्यातून. फोटोखाली ही माहिती कुणी लिहीत नाही.

तसे पाहिले तर मुंबईतले बहुतेक हिरवे तुकडे निसर्गप्रेमापोटी वाचलेले नाहीत. शहराला नळाचे पाणी हवे होते म्हणून 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. त्यांच्या पाणलोटात वस्ती होऊ दिली नाही म्हणून राष्ट्रीय उद्यानाच्या वाट्याला जंगल उरले. दुधासाठी 1949 मध्ये आरे वसाहत उभी राहिली आणि गुरांच्या कुरणांबरोबर तिथली झाडीही टिकली. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी 37 एकरांत उभे असलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान तर आधी कचऱ्याचे डम्पिंग ग्राउंड होते. 1994 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. आज तिथल्या सावलीत उभे राहून पायाखाली काय गाडले आहे, याची शंकाही येत नाही. सायन किंवा वांद्रे स्थानकावरून इथे पटकन पोहोचता येते आणि लहान मुलांना घेऊन पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्या घरांसाठी ही सर्वांत सोयीची जागा आहे.

बोरिवलीचे जंगल

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, हे आधी लक्षात ठेवावे. इतर दिवशी उजाडताच आत शिरावे. नऊनंतर गाड्या, दहानंतर स्पीकर आणि अकरानंतर ऊन, अशा क्रमाने जंगल मागे सरकत जाते. बहुतेक जण सफारीच्या रांगेत उभे राहतात. पिंजऱ्याच्या गाडीतून वाघ पाहण्यात गैर काही नाही, पण त्याला जंगल पाहणे म्हणता येणार नाही. त्यापेक्षा प्रवेशद्वाराजवळ भाड्याने सायकल घेऊन कान्हेरीच्या रस्त्याला लागावे. सहाएक किलोमीटरचा हा रस्ता शेवटी चढाचा आहे. चढ झेपणार नसेल तर उद्यानाची बस आहे.

कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. पहिली दोन-तीन पाहून लोक परत फिरतात. वर चढत गेले की कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि त्यांना पाणी पोहोचवणारे चर दिसू लागतात. बौद्ध भिक्षूंनी पावसाचे पाणी कसे धरून ठेवले, हे जुलैत वाहत्या पाण्याबरोबर चालत गेल्यावर समजते. याच दिवसांत ओढ्याकाठी माणसाने घातल्यासारखी शीळ ऐकू येते. ती शीळकरी कस्तुराची. काळसर निळा पक्षी आहे, दिसेलच असे नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर हे फुलपाखरांचे महिने. ब्लू मॉर्मन या राज्य फुलपाखराला 2015 मध्ये तो मान मिळाला. तळहाताएवढे, काळे, पंखांवर निळी झळाळी असलेले हे फुलपाखरू उद्यानातच काय, लिंबाची किंवा कढीपत्त्याची कुंडी असलेल्या गच्चीवरही येऊन जाते. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठीच जोपासलेली आहे. उद्यानातल्या कारवीचा हिशेब वेगळा: ही झुडपे आठ वर्षांतून एकदा सामूहिक बहर धरतात. 2016 मध्ये इथे तो बहर आला होता. पुढची बेरीज ज्याची त्याने करून सुट्टी राखून ठेवावी.

बिबट्याचा विषय निघतोच. 2015 च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि आसपासच्या भागात 35 बिबटे मोजले गेले आणि त्यानंतरच्या मोजणीत आकडा वाढला. इतक्या दाट वस्तीशेजारी ते राहू शकतात याचे एक कारण म्हणजे जंगलाच्या कडेची भटकी कुत्री, आणि कुत्री तिथे जमतात ती कचऱ्यामुळे. बिबट्या शोधायला कुणी जाऊ नये. आरे, येऊर किंवा उद्यानाच्या वाटांवर अंधार पडण्याआधी बाहेर यावे, मुलांना पुढे पळू देऊ नये, गवताच्या कडेला उकिडवे बसू नये. समोर आलाच तर पाठ फिरवून धावू नये. उभे राहून आवाज करत सावकाश मागे सरकावे. वन विभागाची मदतवाहिनी 1926 या क्रमांकावर आहे.

गोरेगावच्या फिल्मसिटीशेजारी, उद्यानाला लागूनच, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शिक्षण केंद्र आहे. ही संस्था 1883 पासूनची. तिच्या निसर्गफेऱ्यांत माहितगार बरोबर असतो, आणि एकट्याने आठ वेळा जाऊन जे कळत नाही ते एका सकाळी कळते. जंगलात एकट्याने जायला कचरणाऱ्या मुलींसाठी आणि ज्येष्ठांसाठी तर गटफेरी हाच बरा मार्ग.

रस्त्यावरचे झाड

कुठेही जायला वेळ नसलेल्यांनी वर पाहत चालावे, अर्थात फुटपाथ धड असेल तिथे. फेब्रुवारीत काटेसावर, पळस आणि पांगारा निष्पर्ण होऊन फुलतात. अशा एका झाडाखाली सकाळी अर्धा तास उभे राहिले की शिंजीर, साळुंक्या, पोपट, हळद्या असे सगळे पाहुणे हजेरी लावून जातात. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळा आणि तामण जांभळा होतो. तामण हे राज्याचे फूल आहे, आणि त्याच्या खाली रोज बसची वाट पाहणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते. दादर-माटुंग्याची पाच उद्याने, शिवाजी पार्कचा कठडा, ओव्हल मैदान हे जुन्या झाडांचे चांगले पत्ते. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 मध्ये आले. ते महिन्यामहिन्याने वाचत झाडे पाहिली, तर मराठी वाचकाला वेगळी मार्गदर्शिका लागत नाही.

भायखळ्याच्या राणीच्या बागेत गर्दी पेंग्विनपाशी होते. ती तिथेच राहू द्यावी आणि आपण झाडांकडे वळावे. वनस्पती उद्यान म्हणून ही बाग एकोणिसाव्या शतकापासून नांदते आहे. पिंपासारख्या बुंध्याची गोरखचिंच, थेट खोडावर फुलणारा कैलासपती, लाल झुंबरे लटकवणारी उर्वशी अशी झाडे इथे आहेत. बाग बुधवारी बंद असते. 2025 मध्ये मलबार हिलवर कमला नेहरू पार्कजवळ झाडांच्या उंचीवरून जाणारा 485 मीटरचा लाकडी मार्ग खुला झाला. त्याचे तिकीट ऑनलाइन काढता येते आणि तो पहाटे गाठला तरच पक्ष्यांचा आवाज माणसांच्या आवाजावर मात करतो. आणखी एक आडवळणी ठिकाण म्हणजे अंधेरीचा गिल्बर्ट हिल. सुमारे 200 फूट उंचीचा, उभ्या स्तंभांचा हा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला आहे. माथ्यावर गावदेवीचे मंदिर, खाली दाटीवाटीच्या इमारती. भूगोलाच्या पुस्तकात हे चित्र असायला हवे होते.

सामानाची फार चिंता करू नये. दुर्बीण घ्यायचीच तर आठ पट मोठे दाखवणारी घ्यावी. त्याहून जास्त ताकदीची हातात थरथरते. पक्ष्यांचा आवाज ओळखायला मर्लिन, दिसलेल्याची नोंद ठेवायला ई-बर्ड आणि झाडे-किड्यांसाठी आय-नॅचरलिस्ट ही ॲप फुकट आहेत. मराठी नावांसाठी मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ वाचनालयात मिळतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणे मात्र करू नये, विणीच्या काळात तर अजिबात नाही. तुळशी आणि विहार हे पिण्याच्या पाण्याचे तलाव असल्याने तिथे परवानगीशिवाय जाता येत नाही, तसेच भांडुप पंपिंग स्टेशनच्या पक्षीसमृद्ध परिसराचेही. पवई तलावात मगरी आहेत, तेव्हा पाय बुडवून फोटो काढण्याचा मोह आवरावा. आणि रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉक पाहावा. हार्बरचा ब्लॉक बहुधा उशिरा सकाळी सुरू होतो, म्हणजे जाणे जमते आणि येणे अडकते.

पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांत कुठेच जायचे नसेल, तर बोरिवली, दहिसर किंवा गोरेगाव स्थानकाबाहेर सकाळी एक चक्कर मारावी. जंगलालगतच्या पाड्यांतल्या आदिवासी बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात: टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी आणि थोडे पुढे कर्टुली. प्रत्येक भाजी दोन-चार आठवडेच मिळते, त्यामुळे टोपलीवरूनही पाऊस कुठवर आला ते कळते. अनोळखी अळंबी विकत घेण्याच्या फंदात पडू नये. शेवळं मिळाली तर एक जुडी जरूर घ्यावी, आणि तिच्याबरोबर काकडंही मागून घ्यावीत. ती न घालता केलेली शेवळाची भाजी घशाला खाजते.